झोपलेल्या भेगा

टक्.

दुपारचे अडीच वाजले होते, घर चिडीचूप होतं. मी जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहीत बसले होते आणि मुंगी आत झोपलीये अशी माझी समजूत होती. मुंगी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सव्वाचार. हाताला लागेल ते उचलून घरात कुठेतरी नेऊन लपवते, म्हणून हे नाव पडलं. ती दुपारी दीड तास झोपते. तो दीड तास माझा. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला, शनिवार-रविवार येतो. सकाळी नऊ ते एक मी ऑफिसात असते तेव्हा मुंगीला माझे वडील सांभाळतात. बाकीचा दिवस आम्ही दोघी. तेव्हा दीड तास म्हणजे किती, ते मला विचारा.

पुन्हा टक्.

उठून पाहिलं तर बाईसाहेब पलंगावर उभ्या. खिडकीच्या काचेला नाक चिकटलेलं आणि हातात कपाटाची किल्ली.

"काय चाललंय?"

"काम," ती म्हणाली. मागे वळून बघायचीही तिला सवड नव्हती.

"झोपायचं सोडून कसलं काम?"

"काचेचं. आजोबांसारखं." तिनं किल्लीचं टोक काचेवर टेकवलं, एक डोळा बारीक केला. "ही फुटतच नाहीये. आजोबांची एका टक्‌मध्ये फुटली. दुसरीला दोनदा करायला लागलं."

मी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली. आवाज अगदी साधा ठेवून विचारलं, "कुठली काच गं?"

"जिन्यातली. भेग झोपते ना, तिथली. मग आजोबा म्हणाले, झालं. मग आम्ही खेळण्यांचं दुकान बघितलं. पण बाहेरूनच."

मी तिला आडवं केलं, पांघरूण घातलं, पाठीवर थोपटत बसले. हात आपोआप चालत होता. ती पाच मिनिटांत झोपली. मी बाहेर आले तेव्हा टेबलावर अहवालाचं शेवटचं वाक्य अर्धं पडलं होतं: 'जिन्यालगतच्या भिंतीतील भेगा चालू असल्याचे'. पुढे फक्त 'आढळले' लिहायचं राहिलं होतं.

अहवाल ज्या घराचा होता, ते आमच्या शहराच्या जुन्या भागात आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं, दुमजली, वर लोखंडी नक्षीचा सज्जा, जिन्यात एक गोल खिडकी. अख्खा रस्ताच वारसा यादीत आहे. तिथल्या कुठल्याही घराला हात लावायचा तर वारसा समितीची परवानगी लागते, पाडायचं असेल तर फारच काटेकोर. मालक दुसरीकडे राहतो. त्यानं अर्ज केला होता की घर धोकादायक झालंय, भिंतींना तडे गेलेत, पाडू द्या. वरचा मजला रिकामा. खाली एक बुकबाइंडर राहतात, पुढच्या खोलीत काम आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड, तीस वर्षं झाली. घर पाडलं की त्यांचा भाडेकरू म्हणून असलेला हक्क संपला. दुरुस्त केलं तर ते राहिले. अर्जात त्यांचा उल्लेख एका ओळीत होता, 'एक जुना भाडेकरू' असा.

समितीनं मला विचारलं होतं एवढंच, की भेगा जाग्या आहेत का झोपलेल्या. म्हणजे अर्थात त्यांच्या कागदात शब्द 'चालू' आणि 'थांबलेल्या' असे होते. जागी-झोपलेली हे आमचे घरचे शब्द, आप्पांचे. आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्याच ऑफिसात ते अडतीस वर्षं माझ्यासारखेच इमारत निरीक्षक होते. भेग कधीकाळी पडून थांबली असेल तर ती झोपली. तिला भरा आणि विसरा. अजून सरकत असेल तर जागी, मग भिंतीचा भरवसा नाही. नुसतं बघून हे कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली काचपट्टी घ्यायची, भेगेवर आडवी धरायची, दोन्ही टोकं प्लास्टरच्या ठिपक्यांनी भिंतीला पक्की चिकटवायची. वर आकडा आणि तारीख घालायची. आणि थांबायचं. भिंत केसाएवढी जरी हलली तरी काच तुटते. काच ताणली जात नाही. हे मला आप्पांनी मी बारा वर्षांची असताना शिकवलं, आमच्याच न्हाणीघराच्या भिंतीवर.

मी त्या घरात सात काचपट्ट्या लावल्या होत्या. पाच पुढच्या आणि बाजूच्या भिंतीला. सहावी आणि सातवी जिन्यालगतच्या भिंतीला, आणि त्याच खऱ्या महत्त्वाच्या, कारण वरच्या मजल्याची मुख्य तुळई त्या भिंतीवर टेकलीये. सहा आठवडे दर मंगळवारी जाऊन बघत होते. पाच मंगळवार सातही शाबूत. एकदा मुंगीला बरोबर नेलं होतं तर ती अख्खा वेळ तोंडावर बोट ठेवून बाइंडरकाकांना दटावत होती, "हळू बोला, भेग झोपलीये." काका बिचारे कुजबुजत बोलत होते.

सहाव्या मंगळवारी, म्हणजे कालच, सहावी आणि सातवी फुटलेल्या निघाल्या.

जिन्यात अंधार, मुंगीला आणायची वेळ टळत आलेली. मी भराभर फोटो काढले आणि रस्त्यातूनच आप्पांना फोन केला. "आप्पा, जिन्यातल्या दोन्ही गेल्या." ते म्हणाले, "मग जागी आहे भेग. लिहून टाक. मन घट्ट करून लिहून टाक, मने." लहानपणापासून ते मला मनी म्हणतात. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला रस्त्यात रडू आलं.

आता मी फोन काढला आणि ते फोटो मोठे करून पाहिले. भिंत सरकली की काच बरोबर भेगेच्या वर, एका सरळ रेघेत तुटते. काचेला मार बसला तर चांदणी उमटते, मधे बिंदू आणि चहूकडे रेघा. सहाव्या पट्टीवर चांदणी होती. भेगेपासून चांगली बोटभर डावीकडे. सातवीवर दोन चांदण्या होत्या.

दुसरीला दोनदा करायला लागलं.

मुंगी उठल्यावर तिला दूध दिलं, केस बांधले, आणि आम्ही त्या घरी गेलो. मला अजूनही वाटत होतं की काहीतरी दुसरं असेल. माणूस किती वेडं असतं. शिडी लागली असेल, सामान नेताना धक्का लागला असेल.

बाइंडरकाका कापणीयंत्रावर वाकून कागदाच्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत होते. ते यंत्र एवढं जड की जमीन त्याच्याभोवती घातलीये असं वाटतं. "या ताई," ते म्हणाले. मग मुंगीला कुजबुजत, "झोपलीये का अजून?"

"नाही," मुंगी म्हणाली. "फुटली."

त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "काका, जिन्याकडे इतक्यात कुणी आलं होतं?"

"कोण येणार? मालकाची माणसं नाही आली. मी दार लावूनच घेतो. तुम्ही सांगितलं होतं ना, कुणाला जाऊ देऊ नका." ते थोडं थांबले. "तुमचे वडील येऊन गेले तेवढे, सोमवारी. ही पण होती की बरोबर. तुम्ही पाठवलंय म्हणाले, काचा नीट लागल्यात का बघायला. तुमचं नाव घेतल्यावर मी कशाला अडवू?"

"नाही, बरोबर आहे," मी म्हटलं.

"काचेचे बारके तुकडे पडले होते खाली संध्याकाळी. मी झाडून घेतले. छोटीच्या पायाला लागतील, परत आली तर." त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "ताई, उद्या काय होईल?"

मी म्हटलं, बघू. मग जिन्यात गेले आणि भिंगातून पाहिलं. दोन्ही काचांची टोकं प्लास्टरच्या ठिपक्यात जशीच्या तशी घट्ट होती. एकाही ठिपक्याला साधी रेघ नव्हती. भिंत कुठेही गेली नव्हती. ती शांत झोपली होती, तिच्या अंगावर कुणीतरी दगड मारून गेलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता.

आप्पा आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. आई गेल्यापासून. आम्ही गेलो तेव्हा ते चष्मा पुसत बसले होते. मुंगी नेहमीसारखी आतल्या खोलीत पळाली. तिथे तिच्यासाठी रंगीत पेन्सिलींचा डबा आणि ऑफिसातले पाठकोरे कागद ठेवलेले असतात. दार उघडंच होतं. ते लावून घ्यायचं मला सुचलं नाही.

"आज पुन्हा कशी काय आलीस?" आप्पा म्हणाले. "उद्या सभा ना तुझी? अहवाल झाला?"

"आप्पा, सोमवारी तुम्ही त्या घरी गेला होतात."

"गेलो होतो." लगेच म्हणाले. "तुझं काम बघायला. चांगलं झालंय. ठिपके जरा जाड घातलेस. एवढं प्लास्टर म्हणजे भिंतीला गिलावाच."

ही त्यांची जुनी तऱ्हा. कौतुकाच्या शेपटाला एक चूक बांधून द्यायची. एरवी मी हसले असते.

"सहा आणि सात तुम्ही फोडल्यात."

चष्मा पुसणं थांबलं नाही. "कोण म्हणतं?"

"काचच म्हणते." मी फोन त्यांच्यापुढे धरला. "ओढ बसली तर रेघ, मार बसला तर चांदणी. कुणी शिकवलंय मला?"

त्यांनी चष्मा घातला, फोन जवळ घेतला, लांब धरला. त्यांच्या उजव्या डोळ्याला आता फारसं दिसत नाही. तरी बराच वेळ बघत राहिले. चांदणी त्यांना दिसली होती, हे मला कळलं. कारण ते म्हणाले, "हल्लीचे फोटो काही नीट येत नाहीत."

"का केलंत?"

आप्पा उठले, खिडकी उगाच थोडी लोटून आले. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलायला लागले. "मालकाचा मुलगा आला होता माझ्याकडे. दोन महिने झाले. म्हणाला, साहेब, तुमच्याइतकं या भागातल्या भिंती कुणाला कळत नाहीत, तुमचं मत द्या. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत माझं मत विचारायला आलेलं पहिलं माणूस ते. तुमच्या ऑफिसातले लोक दिवाळखोर माणसाला टाळावं तसं टाळतात मला. रस्त्यात भेटलो तर म्हणतात, तब्येत कशी आहे. तब्येत." ते हसल्यासारखं काहीतरी करून थांबले. "मी गेलो, बघितलं, लिहून दिलं. भेगा चालू आहेत, पाडणं योग्य."

"काचा न लावता?"

"अडतीस वर्षं भिंती बघितल्यात मी. मला काय काचा लागतात?"

"मला तर लागतात म्हणून शिकवलंत."

"तू नवीन होतीस."

मी बारा वर्षांची होते. न्हाणीघराच्या फरशीवर उकिडवी बसून मी तीन आठवडे रोज ती काच बघत होते, आणि शाळेतून आल्यावर आप्पा विचारत, काय म्हणते गं तुझी काच. मी म्हणायची, झोपलीये. त्यांनी विचारायचं म्हणून मी शाळेतून पळत यायची.

"म्हणजे मी पहिली पट्टी लावली त्याच्या आधीच तुमचं पत्र समितीत गेलं होतं," मी म्हटलं. "आणि मग रोज दुपारी मुंगीला न्यायला आले की तुम्ही विचारायचात, काय म्हणतात तुझ्या काचा. मी सांगायचे. सात आठवडे, आप्पा. सांगताना मला आनंद व्हायचा. तुम्ही म्हणायचात, छान."

"सहा आठवडे," ते म्हणाले.

मी फोन उचलून पिशवीत टाकला.

"तूच विचार कर," ते वळून म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "उद्या त्या टेबलाभोवती सगळी माझ्या हाताखाली शिकलेली माणसं बसणार. अध्यक्षबाईला पहिला ओळंबा धरायला मी शिकवलंय. त्यांनी मलाही बोलावलंय उद्या, मानाने. आणि त्यांच्यासमोर माझ्याच मुलीच्या काचा म्हणणार की म्हाताऱ्याला काही कळत नाही."

"मला आधी सांगितलं असतंत तर…"

"तर काय केलं असतंस?"

"पत्र मागे घ्या म्हटलं असतं. चूक झाली असं दोन ओळीत लिहून द्या म्हटलं असतं. मी घेऊन गेले असते."

"तेच," आप्पा म्हणाले. "तेच नको होतं मला."

एवढं खरं ते त्या दिवशी बोलले. त्या एका वाक्यापाशी ते थांबले असते तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. मी त्यांची मुलगी आहे. पण ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि समजावणीच्या सुरात, मला गणित घालताना बोलायचे तसं बोलले.

"तू खोटं काहीही लिहू नकोस. मी सांगणारच नाही तसं. दोन काचा फुटलेल्या आढळल्या, एवढंच लिही. फुटल्याच आहेत की नाही? बाकी त्यांचं ते बघतील."

"आणि बाइंडरकाका?"

"त्याला कुठेही जागा मिळेल. यंत्र हलवता येतं."

"तुम्ही माझं नाव सांगून आत गेलात, आप्पा. त्यांनी माझ्या नावानं दार उघडलं. आणि मुंगी…" सोमवारी त्यांनी एका हातात तिचा हात धरला असणार. ते तिचा हात कधीच सोडत नाहीत, रस्त्यात तर नाहीच. म्हणजे किल्ली दुसऱ्या हातात.

"तिला काय कळतंय?" आप्पा म्हणाले. "आणि तू उद्या सांगणार तरी कशाच्या भरवशावर? वडिलांनी काचा फोडल्या म्हणून? साक्षीला कोण, सव्वाचार वर्षांची पोर? हिच्या बडबडीवरून तू माझी अडतीस वर्षं पाण्यात घालणार?"

आतल्या खोलीत पेन्सिलींचा आवाज बराच वेळ येत नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं. मी उठले. "चल मुंगी."

ती दाराशीच उभी होती. नेहमी आजोबांच्या गळ्यात पडून निघते. त्या दिवशी ती माझ्या ओढणीच्या टोकाला धरून निमूट चालायला लागली. आप्पांनीही तिला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मुंगीला सांभाळायला कुणी नव्हतं. हे मला सकाळी दात घासताना कळलं, म्हणजे पूर्ण कळलं. तिला घेऊनच ऑफिसात गेले. सभागृहाच्या बाहेर बाकावर बसवलं, चित्रांची वही दिली, दारावरच्या शिपायाला सांगितलं, जरा लक्ष असू द्या. तो म्हणाला, "आज आजोबांना हिच्यापासून सुट्टी का?" मी हो म्हटलं.

आप्पा आत होते. करडा कोट घातला होता, निवृत्तीच्या दिवशीचा. अध्यक्षबाईंनी उठून त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली होती. बाइंडरकाका मागच्या रांगेत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, हातांवर सरसाचे डाग तसेच. मालकाचा मुलगा पुढे बसला होता, पातळ आवाजाचा, सभ्य माणूस. तो राक्षसासारखा असता तर बरं झालं असतं.

आधी आप्पांचं पत्र वाचलं गेलं. भाषा अशी सुरेख की माझ्या मनात नकळत आलं, आप्पांसारखं कुणाला लिहिता येत नाही. मग अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुमची निरीक्षणं सांगा. सहा आठवडे झाले ना?"

मी उभी राहिले. "सात पट्ट्या लावल्या होत्या. पाच शाबूत आहेत. जिन्याच्या भिंतीवरच्या दोन फुटल्या आहेत."

मालकाच्या मुलानं पुढे सरकून काहीतरी टिपून घेतलं. मागून कुणीतरी जोरात श्वास सोडला, ते बाइंडरकाका असणार.

"म्हणजे ती भिंत चालू आहे," एक सदस्य म्हणाले.

"नाही. त्या भिंतीनं फुटलेल्या नाहीत. फोडलेल्या आहेत." मी फोटो पुढे सरकवले. रेघ आणि चांदणी, बिंदू भेगेवर नसणं, ठिपके अखंड असणं, हे सगळं मी सांगितलं. माझा आवाज व्यवस्थित होता. सांगताना सगळं आप्पांच्या शब्दांत येत होतं, कारण माझ्याकडे दुसरे शब्दच नाहीत.

अध्यक्षबाईंनी फोटो पाहिले आणि मग, अगदी सहज, शेजारी सरकवले. "साहेब, तुम्ही बघा. तुम्हाला काय वाटतं?"

मी आप्पांकडे बघत राहिले. मनात म्हणत होते, आता सांगा. तुम्हीच सांगा. एवढं सांगितलंत तर मी सगळं विसरेन, संध्याकाळी मुंगीला घेऊन येईन, ठिपके जाड झाले म्हणाल ते ऐकून घेईन. त्यांनी फोटो हातात घेतला. माझ्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं.

"मला यात काही वावगं दिसत नाही," आप्पा म्हणाले. "काच आहे, तुटली. मुलं नवीन असली की प्रत्येक गोष्टीत कट दिसतो."

दोघं-तिघं हसले. मुलं नवीन असली की. मला अकरा वर्षं झाली होती त्या खात्यात.

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "कुणी फोडल्या, काही अंदाज?"

"अंदाज नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी फोडल्या. सोमवारी सकाळी, किल्लीनं. भाडेकरूंनी त्यांना माझं नाव ऐकून आत सोडलं. माझी मुलगी त्यांच्याबरोबर होती."

बाहेर मुंगी शिपायाला काहीतरी विचारत होती ते आत ऐकू आलं. आप्पा फोटोकडेच बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी त्यांचे कान लाल झालेले पाहिले नव्हते.

मघाचेच सदस्य म्हणाले, "मुलगी बाहेर आहे ना? तिला एकदा विचारून…"

"नाही," मी म्हटलं. "तिला कुणी काही विचारणार नाही. फोटो पुरेत. भाडेकरू इथे बसलेत, त्यांना विचारा. नाहीतर मला खोटी ठरवा, चालेल."

बाइंडरकाका उभे राहिले. कुणी विचारायच्या आधीच म्हणाले, "आले होते साहेब. सोमवारी. मीच दार उघडलं."

अध्यक्षबाईंनी खूप वेळ आपल्या पेनचं टोपण काढलं, घातलं. मग आप्पांच्या दिशेला न बघता म्हणाल्या, "साहेब, तुमचं पत्र आम्हाला नोंदीतून काढावं लागेल." त्या अजूनही त्यांना साहेबच म्हणत होत्या, आणि ते सगळ्यात वाईट वाटलं.

पुढचं भराभर झालं. पाडकामाला परवानगी नाही. घराची दुरुस्ती करायची, मालकाला तसं कळवायचं. जिन्याच्या भिंतीला नव्यानं पट्ट्या लावायच्या, पण त्या मी लावायच्या नाहीत. या प्रकरणातून मला बाजूला केलं. ते योग्यच होतं, मीही तेच केलं असतं. मालकाचा मुलगा उठून जाताना आप्पांच्या खुर्चीपाशी क्षणभरही थांबला नाही.

बाइंडरकाका दारात माझ्यासाठी थांबले होते. घर राहिलं होतं त्यांचं. पण तोंडावर आनंद आणायचा कसा, ते त्यांना कळत नव्हतं. "ताई," ते म्हणाले, "मी त्यांना आत सोडलंच नसतं, तर हे काही झालंच नसतं बघा."

"तुमची काही चूक नाही, काका."

"तरी पण," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहून पटकन बाजूला झाले.

आप्पा येत होते. कोटाची बटणं लावत, सावकाश. मुंगी बाकावरून उडी मारून उतरली. सवयीनं. "आजोबा," ती म्हणाली आणि वही उंच धरली. तिनं तो गोल खिडकीचा जिना काढला होता आणि जिन्यात दोन माणसं, एक मोठं, एक छोटं, हात धरलेली. आप्पांनी वहीकडे पाहिलं. मला वाटलं आता हात पुढे होईल, तिच्या डोक्यावर टेकेल, तेवढं तर होईलच. ते तिला वळसा घालून गेले. कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. मला धावत जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला, कारण त्यांना शेवटची पायरी दिसत नाही. मी जागची हलले नाही.

मुंगीनं वही मिटली आणि छातीशी धरली.

आम्ही बाहेर आलो. बसथांब्यावर गर्दी नव्हती. मी तिला मांडीवर घेतलं, तिच्या केसांना पेन्सिलीच्या लाकडाचा वास येत होता. उद्या सकाळी तिला कुठे ठेवायचं, नवऱ्याला फोनवर काय सांगायचं, आप्पांना जेवायला डबा नेऊन द्यायचा का, दिला तर ते दार उघडतील का, असं काय काय माझ्या डोक्यात फिरत होतं. एक बस आली आणि गेली. आमची नव्हती.

"आई," मुंगी म्हणाली.

"हं."

"आजोबा माझ्यावर रागावलेत."

"नाही गं. तुझ्यावर नाही."

तिनं त्यावर विचार केला. माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात विचारलं, "मी तुला सांगायला नको होतं का?"